ऑइल बदलल्याशिवाय गाडी मिळणार नाही

ती. सौ. ताईस,

धाकटीचा नमस्कार. साष्टांगच घालणार होते, पण परवाच्या त्या रविवारपासून आमच्या घरात जमिनीवर आडवं होण्याचा विषय निघाला की हे उठून दुसऱ्या खोलीत जातात, म्हणून तूर्त हा उभ्याने केलेलाच गोड मानून घे. तुझा नवा गुडघा कसा आहे? आणि दुसरा, जुना, तो कसा आहे तेही कळव. (घरात नवीन कोणी आलं की आधीच्याकडे दुर्लक्ष होतं, ही तुझी माझ्या जन्मापासूनची तक्रार आहे, म्हणून मुद्दाम विचारते.) भावोजींची तब्येत उत्तम असणार, दुसऱ्याला पथ्य सांगणाऱ्या माणसाची तब्येत बिघडलेली मी तरी पाहिलेली नाही. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि हे पत्र त्यांच्या हाती पडू देऊ नकोस.

आता मुद्द्याचं. ऑपरेशन झाल्यापासून तू त्या खिडकीत बसून, तुमची गल्ली जिथे संपते ती भिंत बघत असतेस. फोनवर म्हणाली होतीस, मला एकदा गाडीत घाल आणि तळ्याकाठी नेऊन बसव, बाकी काही नको. मी म्हटलं, येत्या रविवारी आलेच. त्या येत्या रविवारानंतर किती रविवार आले आणि गेले, ते मोजायची मला लाज वाटते. तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. मागच्या फोनला तू नुसतं "राहू दे गं" म्हणालीस आणि फोन ठेवलास, ते मला फार लागलं. म्हणून उशीर का झाला ते सविस्तर लिहिते. दोष कुणाचा ते मी सांगणार नाही, वाचता वाचता तुझं तुलाच कळेल.

आमचे हे कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत हे तू जाणतेस; विसरायची सोय त्यांनी कुणालाच ठेवलेली नाही. कारखान्यात यांचं कुणी ऐकत नाही (तिथे माणसं कामात असतात), त्यामुळे उरलेली सगळी सुरक्षितता संध्याकाळी घरी येते. आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर पिवळा पट्टा आहे, शेवटच्या पायरीवर लाल, आणि मधल्या पायऱ्यांवर बोलायचं नाही असा नियम आहे. गाडी मागे घेताना म्हणे सगळ्यात जास्त अपघात होतात. हे यांनी कुठेतरी वाचलं, त्या दिवसापासून यांनी गाडी मागे घेणंच सोडलं. त्यासाठी अंगणाची चांगली धडधाकट भिंत फोडून दुसरं फाटक बसवलं, एकातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर. रस्त्यावर एखादं वळण चुकलं तर हे थांबत नाहीत, पुढे पुढेच जात राहतात, आणि आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून साखर आणायला निघून अर्धं शहर बघून परत येतो.

अशा घरात राहून मी गाडी शिकले आणि पहिल्या फटक्यात लायसन्स आणलं. यांनी अभिनंदन केलं, लायसन्स उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं, आणि सुरक्षित जागी ठेवलं, म्हणजे कपाटात, कुलपात. त्यानंतर मी चावी मागितली की टायर झिजलेले असत. टायर बदलले तर वायपर खराब निघाले. वायपर बदलले (आभाळात ढगाचं नाव नव्हतं) तर हॉर्नचा आवाज यांना पुरेसा गंभीर वाटेना. शेवटी गाडीत बदलण्यासारखं काही उरेना तेव्हा ऑइल निघालं. ऑइल आणि फिल्टर बदलल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या हाती देणं सेफ नाही. (दुसरी म्हणजे मी. संसारात आपण नेमक्या कुठे आहोत ते असं अधूनमधून कळतं.) मी म्हटलं, गॅरेजमध्ये टाका, संध्याकाळी मिळेल. पण गॅरेजमधला माणूस पायात सपाता घालून गाडीखाली शिरतो हे यांनी डोळ्यांनी पाहिलेलं, तेव्हा तिथे गाडी देणं तत्त्वात बसेना. ऑइल हे स्वतः बदलणार, घरी. कधी? तयारी झाली की. ताई, तुझं तळं या तयारीत अडकून पडलं होतं.

एक मात्र खरं, यांनी जे जे सांगितलं त्यातलं काहीच खोटं नव्हतं. गाडी सपाट जागी उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना ठोकळे लावायचे. जॅक हा गाडी उचलण्यापुरता, धरून ठेवण्यासाठी नव्हे, म्हणून लोखंडी स्टँड लावायचे, आणि खाली जाण्याआधी गाडी हाताने हलवून बघायची. हे सगळं मी मान डोलावून ऐकलं. खाली शेवटी माझाच नवरा जाणार होता, आणि मी काही दगड नाही. पण तेवढ्यावर भागलं तर ते आमचे हे कसले! अंगणाभोवती दोरी बांधली, दोरीला लाल चिंध्या लावल्या, दोन्ही फाटकांवर "काम चालू आहे" अशा पाट्या टांगल्या, त्यामुळे दूधवाल्याने दूध शेजारच्या दातांच्या डॉक्टरांकडे दिलं आणि आम्ही सकाळी कोरा चहा प्यायलो. मग यांनी हेल्मेट, चष्मा, हातमोजे आणि कारखान्याचे बूट चढवले. मलाही एक हेल्मेट दिलं आणि माझी नेमणूक मदतनीस क्रमांक एक म्हणून झाली. (क्रमांक दोन नव्हताच.) नियम असे, की सूचना फक्त हे देणार, मी "कळलं" एवढंच म्हणायचं आणि सांगितलं तेवढंच करायचं. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. काम थांबवायचं असेल तर ते फक्त शिट्टीने, तोंडी ओरडा चालणार नाही, त्याने गैरसमज होतात. शिट्टी माझ्या गळ्यात.

मग इंजिन गरम करायचं ठरलं, कारण गार ऑइल दाट असतं, नीट बाहेर येत नाही. ते गरम झालं. मग गरम ऑइलने हात भाजतो, म्हणून ते कोमट व्हायची वाट बघायची. हेही खरंच. पण यांनी एवढी वाट बघितली की ते पार गार झालं. मग पुन्हा इंजिन चालू, पुन्हा वाट. डॉक्टर गॅलरीत येऊन दोनदा बघून गेले, त्यांना वाटलं गाडी बिघडली आहे आणि आम्ही ती सारखी पेटवतो आणि विझवतो. ऑइल यांच्या मनासारखं कोमट झालं तोवर ऊन माथ्यावर आलं होतं आणि हेल्मेटखाली माझं डोकं शिजायला आलं होतं.

अखेर हे खाली शिरले. इंजिनाच्या तळाशी एक बोल्ट असतो, तो काढला की जुनं ऑइल खालच्या तसराळ्यात पडतं. यांनी तो काढून माझ्या हाती दिला आणि सूचना केली की पुसून, नवा वॉशर चढवून ताटलीत ठेव. कळलं म्हटलं, पुसला, ठेवला. मग फिल्टरची पाळी आली. फिल्टर म्हणे नुसत्या हाताने आवळायचा असतो, पण मागच्या वेळी यांनीच गॅरेजमध्ये उभं राहून त्या सपातावाल्याला पान्याने आणखी एक आटा मारायला लावला होता, सेफ्टी म्हणून. आता तो काही केल्या हलेना. यांनी त्याला कारखान्यातल्या सुरक्षा सप्ताहात बक्षीस मिळालेला कातडी पट्टा गुंडाळला आणि हासडला. पट्टा तुटला, पण फिल्टर सुटला. या विजयाने हे इतके हरखले, की नवा फिल्टर त्याच्या रबरी कडेला ऑइल लावून, हाताने, अगदी नीट बसवला, भरलेलं तसराळं बाजूला सरकवलं, आणि नव्या फिल्टरमधून गळतंय का ते बघायला तिथेच उताणे पडून मला नवं ऑइल ओतायची सूचना दिली.

ताई, बोल्ट माझ्यासमोर ताटलीत होता. लख्ख पुसलेला, नवा वॉशर लावलेला. मी म्हटलं, "अहो, तो..." खालून आवाज आला, "विचारल्याशिवाय बोलायचं नाही. सूचना कळली?" कळलं, मी म्हटलं, आणि डबा वाकडा केला. ऑइलला वरून खाली यायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात हे खालून म्हणालेसुद्धा, "वा! थेंबभर गळत नाही." आणि मग ते आलं.

हे काय ओरडले ते लिहीत नाही. ओरडण्यात "थांब" हा शब्द होता, पण काम थांबतं ते शिट्टीने, आणि शिट्टी फिरून माझ्या पाठीवर गेलेली. दोन्ही हात डब्याला. डबा सोडला असता तर तो इंजिनात पडला असता, आणि ते काही सेफ नाही. तेव्हा डबा रिकामा होईपर्यंत मी जागची हलले नाही. हे ताडकन उठून बसायला गेले आणि त्यांचं हेल्मेट गाडीच्या बुडाला धाडकन आपटलं. लागलं अजिबात नाही. (तुला सांगते, तो आवाज ऐकून मी आधी वाकून यांचं डोकं जागेवर आहे का ते पाहिलं. मग यांनी खालूनच मदतनिसाचं काय चुकलं ते सांगायला सुरुवात केली, तेव्हा बरं वाटलं.)

ऑइल पसरत डॉक्टरांच्या भिंतीकडे निघालं. यांनी वाळूची बादली जय्यत भरून ठेवली होती, ती मी उचलली, तर हे आडवे आले. बादलीवर "फक्त आगीसाठी" लिहिलेलं होतं. मग आग लावू का, असं मी विचारलं. (परवानगीशिवाय मी त्या दिवशी विचारलेला हा एकच प्रश्न.) शेवटी माळ्यावरून यांच्या सुरक्षा सप्ताहाची जुनी पत्रकं काढून पसरली. ती ऑइल फार छान शोषतात. इतक्या वर्षांत ती कुणाच्या उपयोगी पडल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

इथवर मी रागावले नव्हते, खरंच. पण सोमवारी यांनी कारखान्यात या प्रकारावर व्याख्यान दिलं, हेल्मेटमुळे डोकं कसं वाचलं यावर. टाळ्या पडल्या. रात्री जेवताना खुशीत येऊन मला सगळं ऐकवलं. अपघाताचं कारण, मदतनिसाचा अननुभव. उपाय, मदतनिसाने यापुढे वाहनापासून लांब राहावं. आणि मला भाजी वाढायला सांगितली. ऑइल यांच्या अंगावर पडलं होतं, पण भडका माझा उडाला. तो आतल्या आत विझवून मी भाजी वाढली.

गुरुवारी हे तेच व्याख्यान दुसऱ्या पाळीला द्यायला गेले, आणि मी ऑइलचा नवा डबा आणून अंगणात उतरले. ठोकळे, स्टँड, हलवून बघणं, चष्मा, हातमोजे, यांचं खरं तेवढं सगळं केलं. दोरी आणि पाट्या तेवढ्या वगळल्या. तळाशी उरलंसुरलं होतं ते निथळू दिलं, मग आधी बोल्ट लावला, मग ऑइल ओतलं, ते पुरेसं आहे का ते इंजिनातल्या पट्टीवर बघितलं, इंजिन थोडं चालवून बंद केलं, खाली वाकून पाहिलं, पुन्हा पट्टी पाहिली. जुनं ऑइल डब्यात बंद करून गॅरेजवर पोचवलं, गटारात नाही. आणि हे सगळं करताना एकटीच मोठमोठ्याने बोलत होते, बंदी उठल्यासारखी.

संध्याकाळी यांना सांगितलं. यांनी गाडीखाली पांढरा रुमाल पसरला आणि खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसले. अंधारून आलं तरी रुमाल कोरा. मग विचारलं, "फिल्टर हाताने आवळलास?" मी म्हटलं, हातानेच. "हं," म्हणाले. मग आत जाऊन कपाटाचं कुलूप काढलं आणि लायसन्स माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं. ताई, या माणसाच्या "हं"साठी मी इतकी वर्षं थांबले होते, हे मला तेव्हा कळलं. डोळ्यांत पाणी आलं, ते कांद्यावर ढकललं.

तर येत्या रविवारी सकाळी मी निघते. मी चालवणार, हे शेजारी बसणार, हेल्मेट घालून. बसू देत. थर्मास आणि सतरंजी घेतली आहे, तू फक्त तयार राहा.

तुझीच,
मदतनीस क्रमांक एक (निवृत्त)

ता. क. लायसन्सच्या परीक्षेतली एक बारीकशी गोष्ट लिहायची राहिली. साहेबांनी माझ्याकडून गाडी पुढे नेऊन घेतली, वळवून घेतली, चढावर थांबवून घेतली, आणि आता मागे घ्या म्हणणार इतक्यात त्यांना घरून फोन आला. बोलता बोलताच त्यांनी सही केली. आमच्याकडे दोन फाटकं, त्यामुळे पुढे कधी गरज पडली नाही, आणि यांनाही आता ते जमत नसावं. तुमच्याकडे येताना हे गाडी मोठ्या रस्त्यावर ठेवून गल्लीतून पायी येतात, ते काही भावोजी समजतात तसं व्यायाम म्हणून नव्हे. तुमची गल्ली पुढे बंद आहे. तेव्हा विचारायचं होतं ते हे, की तुझ्या डॉक्टरांनी तुला रोज थोडं चालायला सांगितलंच आहे ना? मग रविवारी गल्लीच्या तोंडापर्यंत येशील का? काठी घे, भावोजींचा हात धर, सावकाश ये. मी वाट बघते.

ता. क. दुसरा. नाहीच जमलं तर उगाच धीर करू नकोस, खिडकीतच बस. मी गाडी घेऊन सरळ तुझ्या त्या भिंतीपर्यंत येईन. बाहेर कशी काढायची ते तुझ्याकडे राहून ठरवू. आठवडाभराचे कपडे डिकीत टाकून ठेवले आहेत, यांचेसुद्धा. यांना अजून सांगितलेलं नाही.