होन्नावरच्या पंपावर थांबलेल्या गाड्या

१३ मे

दोन गाड्या माझ्या! हरिओम साहेब टेबलाशी येऊन म्हणाले, "मंजुश्री, मंगळूर ते चिपळूण आता तू बघ." बघ म्हणजे काय — स्क्रीनवर गाडीचा ठिपका बघायचा, ड्रायव्हरला फोन करायचा, कुठं पोचला ते लिहायचं. पण बीदरजवळच्या कोळारच्या या गोदामात दीड वर्ष नुसत्या पावत्या फाडल्या. आता गाड्या!

गंमत म्हणजे दोनातली एक अप्पांची. दुसरी नागेशची. अप्पा एकोणतीस वर्षं स्टेअरिंगवर. मला इथं चिकटवलं तेही त्यांनीच. सकाळी फोनवर म्हणाले, "ऑफिसातून बोलताना अप्पा म्हणू नको. अंकुशराव म्हण." म्हटलं, बरं अंकुशराव! हसले न्हाईत.

१४ मे

लक्षद्वीपजवळ चक्रीवादळ तयार झालंय. किनारा धरून वर सरकणार म्हणे. आमच्या गाड्या पण किनारा धरूनच वर जाणार!

इथं बीदरला बेचाळीस डिग्री, आभाळात ढगाचा कापूस न्हाई. शेजारच्या टेबलावरची सुधारानी हसली, "समुद्र कुठं, तू कुठं!" आईला काही सांगितलं न्हाई.

१५ मे

कासरगोडला घरं पडली. मंगळुरात लाटा रस्त्यावर. गाड्या भरून उभ्या. साहेबांना म्हटलं, दोन दिवस तिथंच ठेवू या.

साहेब म्हणाले, "वादळ ताशी पंधरा किलोमीटरनं चाललंय. गाडी चाळीसनं जाते. आपण पुढं निघून जातो. एवढं गणित येतं ना?"

येतं. गप्प बसले. गाड्या निघाल्या. राग आला — साहेबांचा न्हाई, माझाच.

संध्याकाळी पाचला नागेशचा फोन, कुंदापुरातून. नव्वद किलोमीटरला सहा तास! झाडं आडवी, वायपर चालवूनही काचेपलीकडचं दिसेना. "अक्का, वादळ मागं हाय म्हणलाव. मग हे समोर काय हाय?"

वादळाचे पावसाचे पट्टे त्याच्या कितीतरी पुढं पसरलेले असतात. नकाशावर दिसतच होतं. मला दिसलं होतं!

१६ मे

लिहायलाच पाहिजे.

सकाळी दहाला दोन्ही ठिपके होन्नावरच्या पुलापलीकडं. वादळ समुद्रात, भटकळच्या समोर. कन्नड चॅनेलवर एकच — गरजेशिवाय हायवेला येऊ नका. पुढं कुमठ्यापर्यंत टेकड्या कापून काढलेला, दरडींचा रस्ता. साहेबांकडं गेले. मान वर न करता म्हणाले, "चिपळूणचा कारखाना मालाची वाट बघतोय. गाडी थांबणार न्हाई."

बाहेर आले. माझ्या मोबाईलवरून अप्पांना लावला.

"अप्पा, पंप दिसायलाय का? उंचावर?"

"दिसायलाय. चहाला उतरलोय दोघं. कामून?"

"दोन्ही गाड्या आत घ्या. वादळ जाईपर्यंत हालायचं न्हाई."

"साहेबाचा आत्ता फोन आलता. निघ म्हणलेत."

"मी थांबा म्हणायले."

"तू कोण गं?"

"गाड्या माझ्या टेबलाला हायत."

"मंजू, बाप हाय मी तुझा. तू दुपट्यात होतीस तवापासून गाडी हाकतोय. आजवर मधीच थांबलो न्हाई कुठं."

काय झालं मला, कळलं न्हाई. ओरडलेच. "बापाशी न्हाई बोलायले! अंकुशराव, गाडी पंपावर घ्या! ऐकू आलं का?"

गोदामातले हमाल वळून बघायले. फोनमधून नागेशचा आवाज आला, तिकडून कुठूनतरी, पावसात ओरडून — "मामा, मी तर काय हालत न्हाई! अक्का बराबर म्हणायलीय!"

अप्पांनी फोन कापला.

धावत स्क्रीनपाशी. नागेशचा ठिपका पंपावर. अप्पांचा — पुढं सरकला. अजून सरकला. मी नखं खाल्ली. मग थांबला. मग उलटा फिरला! पंपावर आला!

मग मी स्वतःच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "दोन्ही गाड्या मी थांबवल्यात."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच न्हाई."

तिथंच कामावरून काढलं. पाच मिनिटांत पर्स घेऊन गेटच्या बाहेर. रिक्षा केली न्हाई. नौबादला घरापर्यंत उन्हात चालत आले. मान खाली घातली न्हाई.

१७ मे

सकाळपासून फोन लागत न्हाई. दोघांचाही. आता समोर स्क्रीन पण न्हाई, टीव्हीच तेवढा. वादळ कारवार, गोवा, सिंधुदुर्ग करत वर चाललंय. गोव्यातले पत्रे उडताना दाखवतात, रत्नागिरीच्या होड्या दाखवतात. होन्नावर कुणी दाखवत न्हाई!

आईला कळलं. आमच्या मातोश्री चंद्रभागाबाई कधी आवाज चढवत न्हाईत, आज पण न्हाई. फक्त विचारलं, "तिथं कामून थांबवलीस? चालू राहिले असते तर एव्हाना वादळाच्या पुढं गेले असते की."

चुकले असेन तर? तर चुकले. पण साहेबाला भिऊन न्हाई चुकले.

जेवण गेलं न्हाई.

१८ मे

आले! म्हणजे, फोन आला! अकरा वाजता, नागेशचा. टॉवर पडला होता म्हणून लागत नव्हता. दोघं ठीक. पंपाच्या ऑफिसात दोन दिवस बिस्किटावर काढले.

"अक्का, आम्ही थांबलो अन् तासाभरात टेकडी खाली आली. पुढं, कुमठ्याच्या रस्त्याला. एक टँकर गेला तिच्याखाली. सकाळी आम्ही त्याच्याच मागं होतो."

"अप्पा?"

"हितंच हायत. बोलंनातच."

आई भिंतीला टेकून खाली बसली, मग उठून चहा ठेवायला गेली. मी खोलीत एकटीच ओरडले — "साहेब! करा आता गणित!"

नंतर तो टँकरवाला आठवला. त्याच्या ऑफिसातही कुणीतरी ठिपका बघत बसलं असेल.

१९ मे

वादळ गुजरातेत शिरलं. मी घरातच.

२१ मे

शिवराजदादाचा फोन, उदगीरहून. चुलतभाऊ म्हणून हक्कानं समजावतो. "माफी माग. एक ओळ लिहून दे, परत घेतील." कशाची माफी? दोन माणसं जिवंत हायत म्हणून? न्हाई लिहिणार. अर्धी ओळ पण न्हाई!

२३ मे

अप्पा आले. दाढी वाढलेली, शर्टाला चिखल. हातपाय धुतले, जेवायला बसले. माझ्याकडं बघितलं न्हाई. "भात वाढ अजून." एवढंच. मी वाढला.

२६ मे

हरिओम साहेबांचा फोन. आवाजात नुसता गूळ! "उद्यापासून ये कामावर. आधी सांगायचं ना, बापाला वाचवायला सगळं अंगावर घेतलीस म्हणून."

काय बोलायलेत कळेना. मग कळलं. अप्पांनी लिहून दिलंय — पोरीनं निघा म्हणूनच सांगितलं होतं, मीच ऐकलं न्हाई, गाड्या माझ्या मनानं थांबवल्या. खाली सही. अप्पांना गाडीवरून उतरवलंय.

अप्पा अंगणात बाजेवर बसले होते.

"कामून लिहून दिलाव असं खोटं?"

"तुझी नोकरी ऱ्हाईल. माझं काय, रिटायरला दोनच वर्षं राहिलती."

मग पायाकडं बघत म्हणाले, "आन्... पोरीनं थांब म्हणलं अन् मी थांबलो, असं लिहायला हात उठंना."

उद्या कोळारला जाणार. कामावर न्हाई, तो कागद खोटा आहे हे सांगायला. अप्पा जाऊ नको म्हणायलेत.

जाणार.