फेरी आमच्याकडेच थांबली

शेफील्ड, गुरुवार

प्रिय बाबा,

तुमच्या हट्टी लेकीचा नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते, आईला सांगा.

काल संध्याकाळी विल्फ्रेड म्हातारा आणि त्याचे चार दोस्त पबफेरीला निघाले होते. दर बुधवारी पाच पब. प्रत्येक ठिकाणी बिअर अर्धा ग्लास आणि नावं मात्र पोटभर ठेवायची. आमचा पब दुसरा. तळघरातलं बिअरचं पिंप मी पहिल्यांदाच एकटीने लावलं होतं. मालकीणबाई सोमवारीच विकायला काढ म्हणत होत्या, पण गाळ खाली बसेपर्यंत मी कुणाला हात लावू दिला नाही. तुमचीच शिकवण!

विल्फ्रेडने ग्लास दिव्यासमोर धरला. "नव्या पोरीच्या हातची ना? गढूळ निघाली तर परत करीन हं!"

"खुशाल करा. आधी चाखा तरी."

त्याने चाखली, पुन्हा चाखली आणि दोस्तांना म्हणाला, "कोट काढा रे. आज पुढे कुठे जायचं नाही."

आठच्या सुमाराला पिंप संपलं. बिअर संपल्याची खूण म्हणून पंपावरची तिच्या नावाची पाटी मी स्वतःच्या हाताने उलटी फिरवली.

आई लिहिते, तुम्ही हल्ली तळघरात उतरत नाही आणि आपला पब विकायला गिऱ्हाईक बघताय. गुडघा इतका दुखतो? मला का नाही कळवलंत? कुठल्याही कागदावर सही करू नका, बाबा. तो जिना आता मी उतरेन.

दोघांना खूप माया,
हेस्टर