आडवं पडून पाहिलं तर

३ जून

ती. ताईस,
सा. न. (रागातला आहे, तरी नमस्कार तो नमस्कार.)

फोनवर आपण दोघंही दोन मिनिटांत ठेवतो. आई गेल्यापासून सहा महिने हेच चाललंय, म्हणून पत्र. तू दवाखान्यात कामाला लागलीस, असं मामाकडून कळलं. मी लगेच हिला ऐटीत सांगितलं, ताई नाव नोंदवायच्या खिडकीवर असणार. मग मामा म्हणाला, खिडकीवर नाही रे, खिडक्या पुसायला. आणि फरशी. आणि संडास. ही हसली नाही, तेवढंच बरं.

अकरा वर्षं तू आईचं केलंस. तिच्या औषधांच्या वेळा सांभाळता सांभाळता शिलाई मशीनला गंज चढला. आता तरी जरा बस की. इकडची मागची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतलीय. पिटुकलीनं दारावर तुझं चित्र चिकटवलंय. त्यात तुला मिशा आहेत, का ते विचारू नकोस. एक तारखेला मी तुला न्यायला येतो.

आणि काम करायचंच होतं तर तोच दवाखाना? तोच वॉर्ड, जिथे आई गेली? भावानं बहिणीला वाऱ्यावर सोडलं म्हणतील लोक. लोकांचं सोड, मलाच तसं वाटतं.

उत्तर दे, उपदेश नको. रागावलीस तरी चालेल, माया तेवढी आटू देऊ नकोस.

तुझा,
ढब्बू

१० जून

चि. ढब्बूस,
अ. उ. आ. (मिशीवाल्या आत्याकडून पिटुकलीला दोन जास्त.)

उपदेश नाही, नुसती बातमी. मला काम जमतंय. पहिल्या आठवड्यात पाठीनं बोंब मारली, आता गप्प आहे. माझ्या जोडीला एक बाई आहे, तिला सगळे घाईबाई म्हणतात. ती ओल्या फरशीवरून अशी धावते, की तिच्याच मॉपला तिला गाठता येत नाही. तिनं शिकवलं, वरून खाली पुसत यायचं आणि खिडकीकडून दाराकडे. मी त्यात माझं एक घातलंय. ते फक्त तुला सांगते.

खाटेवर कामगारानं टेकायचंसुद्धा नाही, असा इथे नियम आहे. मी तो रोज मोडते. पेशंट गेला, घरी म्हण नाहीतर तसा, की नवी चादर घालायच्या आधी मी त्या खाटेवर दोन मिनिटं आडवी होते. उशीवर डोकं ठेवून वर बघते. तिथून जे दिसतं, ते आधी साफ करते.

हसू नकोस. चार नंबरवर एक म्हातारे बसड्रायव्हर होते. दुपारी ओरडायचे, समोरून कुणीतरी गाडीच्या दिव्यांचा अप्पर मारतंय, डोळे दिपतात, अपघात होईल. सगळे म्हणायचे, भ्रम झालाय. शेजारची पाच रिकामी झाली तेव्हा मी तिच्यावर आडवी झाले, तर वरच्या झडपेच्या काचेतून ऊन थेट डोळ्यांत. झडप फिरवली, काच पुसली, काका झोपले. मग मला कंडक्टर म्हणायला लागले. परवा मंगळवारी ते गेले. आदल्या दिवशी सांगत होते, आता रस्ता मोकळा दिसतोय. त्यांची खाट मीच पुसली. रडले, आणि पुसत राहिले. आई गेल्यावर रिकामे हात घेऊन मी घरभर फिरायचे रे, काही सुचायचं नाही. आता संध्याकाळी हात दुखतात, आणि मला बरं वाटतं.

तोच वॉर्ड का, ते आत्ता नको.

खोलीचा रंग सांगितला नाहीस. मनात आहे तेवढीच जागा राहू दे, खोलीची घाई नाही.

तुझी,
ताई

२० जून

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र वाचून माझी झोप उडाली. माणसं मेलेल्या खाटांवर तू झोपतेस? आईच्या नऊ नंबरवरसुद्धा झोपत असशील. हे बरं असल्याचं लक्षण नाही, ताई.

मी एक केलंय, ते लपवत नाही. दवाखान्याच्या अधीक्षकांना पत्र टाकलंय. लिहिलं की आईच्या दुःखानं बहिणीच्या मनावर परिणाम झालाय, ती रिकाम्या खाटांवर पडून छताकडे बघत राहते, तिला सांभाळून घ्या आणि कामातून मोकळं करा. शिव्या घाल, पण केलं ते तुझ्याच भल्यासाठी.

खोली फिकट निळी आहे. मला पोटच्या पोरासारखं वाढवलंस, तेवढं मनात धरून ये.

तुझा,
ढब्बू

२८ जून

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

एक तारखेला येऊ नकोस.

अधीक्षकांकडून आलेलं तुझं पत्र आमच्या सफाईच्या सुपरवायझरबाईंनी मला वाचून दाखवलं. वाचताना त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. विचारलं, खरं आहे का. आडवी होते हे खरं, म्हटलं. पुढचं काय सांगणार? मला वॉर्डातून काढलं. आता खाली, गाड्या लावतात तिथे झाडते. तिथे डोक्यावर फक्त आभाळ आहे, आणि ते पुसायचं काम माझ्याकडे नाही.

आता तोच वॉर्ड का ते सांगते. सांगणार नव्हते कधीच.

आई शेवटी म्हणत होती ना, वर कुणीतरी हात हलवतंय, त्याला घालवा म्हणून. मी खाटेशी उभी होते. वर बघितलं, काही नव्हतं. म्हटलं, कुणी नाही गं आई. डॉक्टरांनी तुला फोनवर विचारलं, आणि तू म्हणालास, तिला भ्रम झालाय, झोपेचं द्या. मीही मान डोलावली. तिला सुई टोचायला आले, तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. घाबरलेली नव्हती. खजील झाली होती, आपलं काहीतरी चुकलं असं वाटल्यासारखी. मग दोन दिवस झोपेतच होती, आणि तशीच गेली. सुईनं नाही रे, ती जाणारच होती, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण ते शेवटचं बघणं तसं झालं.

चार दिवसांनी मी तिचा चष्मा आणि चपला आणायला गेले. नऊ रिकामी होती. चार रात्री झोप नव्हती, म्हणून जरा पडले. वर पडद्याची दांडी आहे ना, तिच्या मागे हातभर लांब जळमट लोंबत होतं. काळं, पाच फाटे फुटलेलं. पंख्याच्या वाऱ्यानं हलत होतं. उभ्या माणसाला ते दिसत नाही. आई खरं बोलत होती.

घाईबाईकडून काठी मागून घेतली आणि ते काढलं. मग कामाचं विचारलं. जागा निघायला पाच महिने लागले.

माझ्याबद्दलही तू तसंच लिहिलंस. मला न विचारता, लांबून, माझ्या भल्यासाठी. मी रागावले नाही. दमले.

जेवत जा वेळेवर. माया आहे, कुठे जाणार ती.

तुझी,
ताई

१९ जुलै

ती. ताईस,
सा. न.

तीन आठवडे कागद समोर घेऊन बसतोय, लिहितो आणि फाडतो.

गेल्या सोमवारी मी तिकडे येऊन गेलो. सुपरवायझरबाईंना भेटलो. म्हटलं, माझं पत्र खोटं होतं, माझी बहीण शहाणी आहे, कुणाचं भान सुटलं असेल तर माझं. त्या म्हणाल्या, लेखी आलेलं तोंडी पुसता येत नाही, वरचे साहेब आता तुला वॉर्डात घेऊ देणार नाहीत. लेखीही देऊन आलो. काही होईल असं वाटत नाही.

निघताना वॉर्डाच्या दाराच्या काचेतून बघितलं. नऊ नंबरवर एक बाई चपला काढून सरळ आडवी झाली होती, वर बघत. शेजारी मॉप भिंतीला टेकवलेला. मग उठली आणि पळतच काठी आणायला गेली. तीच घाईबाई असणार.

फाटकाशी तू झाडत होतीस, पाठमोरी. मी गाड्यांच्या आड उभा राहिलो. समोर यायची हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर एक केलं. पिटुकली दोन महिने तक्रार करतेय, पलंगावर पडलं की वरून डोळा बघतो. मी रोज दामटून झोपवत होतो, बागुलबुवा नसतो म्हणून. सकाळी ती शाळेत गेल्यावर तिच्या पलंगावर आडवा झालो. पाय बाहेर आले. छताला ओल येऊन डाग पडलाय, मधे काळा, भोवती पिवळा. हुबेहूब डोळा. उभा असताना तो पोटमाळ्याच्या फळीमागे जातो. तसाच पडून राहिलो, बराच वेळ. आईला फोनवर एकदा तरी विचारायचं होतं, हात कसा आहे, कुठे आहे.

शिडी आणली, डाग खरवडला, रंग दिला. पिटुकलीला सांगितलं, तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, माहितेय.

तुझी खोली तशीच आहे. राहायला ये म्हणत नाही, तो हक्क मी घालवलाय. सुट्टी मिळेल तेव्हा दोन दिवस ये. आल्यावर चहाच्या आधी पलंगावर आडवी हो, आणि उभ्यानं मला काय दिसलं नाही ते सांग.

तुझा,
ढब्बू