हिरवा ठिपका

मरोळ, अंधेरी (पूर्व)
रविवार, १५ जून २०२५

प्रिय आत्या,
सविनय जय भीम.

बिघडलेला म्हणून बाजूला काढलेला कॉम्प्युटर कुणी अडतीस वर्षं माळ्यावर का जपून ठेवील? बाबांना विचारलं, तर त्यांनी उठून पंख्याचा वेग वाढवला.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. तुझे गुडघे कसे आहेत?

माळा साफ करताना तो कॉम्प्युटर सापडला. घरच्या टीव्हीला जोडायचा, सगळं कीबोर्डातच असलेला, तुझ्या आणि बाबांच्या कारखान्यातला. उघडला, तर आतल्या सर्किट बोर्डाच्या कोपऱ्यात हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका, तुझी खूण. सुट्टीत मी कराडला यायचे तेव्हा तूच सांगायचीस ना, लाइनीतली प्रत्येक बाई आपल्या बोर्डावर आपली खूण करायची आणि सुपरवायझर ओरडायचा, "ए संघमित्रा, बोर्ड बनव, नवरी सजवू नकोस!"

चालू केला. टीव्हीवर नुसत्या वेड्यावाकड्या चौकटी. मेमरीच्या आठ चिपा होत्या. खराब कोणती ते शोधायला एकेकीवर चांगली चिप वरून दाबून धरत गेले. पाचवीवर धरली आणि पडदा स्वच्छ झाला. ती कापून काढली, नवी बसवली. बाकी सातांना हात लावला नाही. तुझं सोल्डरिंग अजून चकाकतंय, आत्या.

म्हणजे चिपच खराब आली होती. तपासणीच्या रिपोर्टात मात्र 'सोल्डरिंग सदोष' लिहिलं गेलं आणि तुला काढलं.

त्याखाली सही कुणाची, हे लिहायचं मी इतका वेळ टाळतेय. तुला ते तेव्हाच माहीत होतं. म्हणून तर तू या घराची पायरी पुन्हा चढली नाहीस. बाबा तपासणीला होते. काल म्हणाले, "साहेबांनी आणलेल्या चिपा खराब आहेत असं लिहिलं असतं, तर मीच बाहेर गेलो असतो गं." त्यांची नोकरी टिकली. त्या नोकरीवर मी घरातली पहिली पदवीधर झाले.

आज सकाळी म्हणाले, "श्रुतिका, झालं ते झालं. ठेव परत माळ्यावर."

नाही ठेवला. दुपारी जुन्या कामगारांचा मेळावा होता, तुझ्या लाइनीतल्या बायकाही आल्या होत्या. मशीन तिथे नेलं, चालू करून दाखवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "संघमित्राचं काम बरोबर होतं. खोटा रिपोर्ट माझ्या वडिलांनी लिहिला."

बाबा पहिल्या रांगेत होते. उठून गेले नाहीत.

काढलेली चिप सोबत पाठवली आहे.

तुझी, आणि त्यांचीही,
श्रुतिका