कालवांतला पाहुणा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून (गुडघ्यांमुळे अर्धाच) नमस्कार. तुझी तब्येत बरी असेलच. माझी छाती धडधडते, पण ती रागाने.

झाले असे, की खाडीतल्या माझ्या कालवांच्या टोपल्या तपासायला मत्स्यखात्याच्या बाई आल्या (चण लहान, बूट गुडघ्यापर्यंत). त्यांनी एका कालवाचे शिंपले फोडले, भिंगातून पाहिले नि म्हणाल्या, "काका, आत पाहुणा आहे. आतल्या आत खातो. रक्तातले पहारेकरी त्याच्याशीच झुंजून थकतात, मग बाहेरचे वाईट जंतू शिरले तरी अडवायला कोणी उरत नाही. त्याला बाहेर काढा, नाहीतर विक्री बंद." त्यांना म्हणायचा होता परजीवी किडा. माझे शिक्षण चौथीचे, म्हणून सोपा शब्द वापरला. पण नेमके मागे ओट्यावर तुझे यजमान पाय पसरून बसलेले! मी ताडकन म्हणालो, "बाई, पाहुणा माझ्या बहिणीचा नवरा आहे. तो कितीही खाईल. मी त्याला काढणार नाही!" दाजींनी टाळ्या वाजवल्या.

गैरसमज फिटला तरी मी हटलो नाही. पोरांसारखी वाढवलेली कालवे, दिसतही नाही अशा किड्यापायी एक टोपली हलणार नाही, असे ठणकावले. म्हणे पहारेकरी थकतात! असे कोणी थकते का? आमच्याकडेच बघ. पूर्वी तुझी भावजय दारात उभी राहिली की विमेवाला फाटकातूनच परत फिरे. हल्ली दाजींचा चौथा चहा, गरम पाणी, पाठीला जादा उशी यात ती इतकी दमते, की दार उघडेच असते. विमेवाला आत येऊन बसतो, शेजारचे मांजर दूध पिऊन जाते, हाकलायला कोणी उठत नाही. तरी आम्ही कधी

(इथे लिहिता लिहिता जरा थांबलो होतो.)

असो. मी कोणाला घाबरत नाही, हे बाईंना कळलेच आहे, तुलाही कळावे.

तुझा धाकटा

ता. क. बिघडलेल्या टोपल्या काढल्या. विक्री चालू राहील. पण काढल्या त्या रागाने, हे लक्षात ठेव.

आणखी एक. पत्र पेटीत टाकायला दाजीच निघाले आहेत, म्हणून पाकीट खळीने दोनदा चिकटवले आहे. त्यांना न्यायला लगेच ये. येताना कपड्यांची पिशवी मात्र आणू नकोस.