हेडमास्तर गेल्यावर

२ एप्रिल, सकाळ

निश्चय: आजपासून फुटबॉलवरून कोणाशीही वाद घालायचा नाही. बीपी वर चाललंय. उभा जन्म दुसऱ्यांचं बीपी मोजलेल्या मेट्रनने निवृत्तीनंतर स्वतःचंच चढवून घ्यावं, हे शोभत नाही. मॅच बघायची, उठायचं, घरी यायचं.

२ एप्रिल, संध्याकाळ

वाद घातला. इलाजच नव्हता.

आमच्या क्लबने हेडमास्तरला काढून पुरता महिनासुद्धा झालेला नाही. हेडमास्तर हे चाहत्यांनी ठेवलेलं नाव. खऱ्या नावाने त्याला फक्त त्याची बायको हाक मारत असेल. सहा वर्षं मॅनेजर होता, कप जिंकून दिला. त्याच्या जागी आता हा नवा, उन्हातसुद्धा गळ्यात मफलर घालून उभा राहणारा. आणि आज मॅचनंतर आमचा कॅप्टन, ज्याला हेडमास्तरने राखीव खेळाडूंच्या बाकावरून उचलून कॅप्टन केला, तो टीव्हीवर दात काढून सांगतो, "आता ड्रेसिंग रूममध्ये मोकळं वाटतं."

मोकळं! आधी काय कोंडून ठेवलं होतं?

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली होती. समोर नसलेल्या माणसाबद्दल बोलताना तो दाराआड उभा आहे असं समजून बोला. कॅप्टनची शाळा कुठली कोण जाणे.

मॅच आम्ही तळमजल्यावरच्या डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये बघतो. डेंटिस्ट, मी, माझे दीर, आणि बिल्डिंगचा इलेक्ट्रिशियन, ज्याला सगळे फ्यूज म्हणतात. नंतरची चर्चा शिस्तीत व्हावी म्हणून मी नियम घालून दिलाय: टेबलावरचा प्लास्टरचा जबडा ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. आज जबडा बराच वेळ माझ्याकडे होता. डेंटिस्ट नियम मोडून मध्येच म्हणाला की मॅडम, तो नव्याबद्दल चांगलं बोलला, जुन्याबद्दल वाईट कुठे बोलला? मी म्हटलं, तुमचा पेशंट उद्या समोरच्या दवाखान्यात जाऊन 'इथे अजिबात दुखत नाही हो' म्हणाला, तर तो फक्त समोरच्याची स्तुती करतोय का?

तो उठून कोपऱ्यातल्या मत्स्यालयातल्या माशांना खाणं घालायला लागला.

दीर म्हणाले, "वहिनी, जबडा द्या की आता." दिला नाही. मुद्दा संपला नव्हता.

५ एप्रिल

माणसाच्या बोलण्यातला खरा अर्थ काढणं हा माझा हातखंडा. 'काही नाही, जरासं दुखतंय' म्हणणाऱ्याला किती दुखतंय हे मी नुसत्या आवाजावरून सांगायचे. खेळाडू तर त्यापुढे अगदीच सोपे. 'मोकळं वाटतं' म्हणजे जुना नकोसा झाला होता. 'त्यांची शिस्त कडक होती' म्हणजे माणूस असह्य होता, पण मी चारचौघांत कसं सांगू. आणि सगळ्यात वाईट, 'त्यांच्याकडून खूप शिकलो.' म्हणजे सुटलो एकदाचे.

आता हेच वाक्य माझ्या निरोप समारंभात अख्खा वॉर्ड म्हणाला होता. पण ती गोष्ट वेगळी. त्या मनापासून बोलत होत्या. एकीच्या तर डोळ्यांत पाणी होतं. तिला त्या आठवड्यात सर्दी होती, असं भाचीचं म्हणणं. भाचीला बारकावे कळत नाहीत. धाकट्या बहिणीची मुलगी, राहते माझ्याकडे, नर्स आहे माझ्याच जुन्या वॉर्डात. कामाला चोख. पण माणसांची पारख यायला वेळ लागेल.

९ एप्रिल

हरलो. ०-३. मला आनंद झालेला नाही. झालाच असेल तर तो तत्त्वाचा आहे.

आता खाली दोनच टीम आहेत. तळाच्या तिघी खालच्या लीगमध्ये ढकलल्या जाणार, आणि त्या तिघींत आम्ही. स्टेडियममध्ये लोक ओरडत होते, "हेडमास्तर परत आणा!" मीही ओरडले. डेंटिस्ट म्हणाला, मॅडम, हळू, वर कोणाला वाटेल मी भूल न देता दात काढतोय.

जेवताना भाचीकडून दुसरी बातमी. मी सप्टेंबरमध्ये सोडल्यापासून वॉर्ड जिच्याकडे आहे ती माझी इतक्या वर्षांची असिस्टंट, वॉर्डात तिला धाकटी म्हणतात, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मेपासून तीन महिने रजा. मी सहज विचारलं, मग वॉर्ड कोण बघणार? म्हणाली, ठरायचंय. आणि ताटात बघत बसली.

मी ताटं आवरली. जेवण झाल्यावर माळ्यावरून पांढरे बूट काढले.

१० एप्रिल

निश्चय: बोलावणं येईपर्यंत कोणाजवळ अक्षर काढायचं नाही.

बूट घालून घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. टाच जरा लागते. बूट आखडलेत. वापर नसला की चामडं आखडतं.

संध्याकाळ: दिरांना सांगितलं. घरचेच आहेत. डेंटिस्टला सांगावं लागलं, कारण मेपासून मॅचना मला जमणार नाही, त्याला आधी कळायला हवं. त्याने तोंडभरून अभिनंदन केलं. फ्यूज तेव्हा शिडीवर होता, त्याने ऐकलं असेल तर माझा दोष नाही.

१६ एप्रिल

आज रागात लिहितेय, अक्षर वाईट येईल.

गोलकीपरची मुलाखत. हसत हसत सांगतो की हेडमास्तरच्या काळात आमची एक खूण होती. तो कॉरिडॉरमधून येताना ज्याला सगळ्यात आधी दिसेल, त्याने भिंतीवर बॉल आपटायचा. धप, धप, धप. की लगेच आत सगळे फोन लपवायचे, बिस्किटं लपवायचे, ताठ बसायचे. "सहा वर्षांत त्याला पत्ता लागला नाही!"

फ्यूज हसता हसता खुर्चीवरून खाली आला. दीर डोळे पुसत होते. मी जबडा उचलला आणि विचारलं, ह्यात हसण्यासारखं काय आहे? एक माणूस सहा वर्षं तुमच्यासाठी झिजतो आणि तुम्ही त्याच्या पाठीमागे बॉल आपटता? डेंटिस्ट म्हणे, त्याला कळलं असणार हो, कळून दुर्लक्ष केलं असेल. मी म्हटलं, मुळीच नाही. विश्वास टाकणारा माणूस असणार. पण एक सांगते, माझ्या वॉर्डात हे झालं नसतं. माझ्या कानातून काही सुटायचं नाही.

खरंच नाही सुटायचं. मी राउंडला निघाले की वॉर्ड आरशासारखा. चादरी ताणलेल्या, मुली ताठ. वॉर्डाला खोड एकच होती. मी दारातून आत पाऊल टाकलं की कोणाच्या ना कोणाच्या हातून स्टीलच्या ट्रेचं झाकण पडायचं. खणखणीत. वेंधळ्या मेल्या! लेखी समज देऊन झाली. शेवटी ऑफिसशी भांडून सगळ्या झाकणांना मोठ्या, खरबरीत मुठी बसवून घेतल्या. तरी पडायचं ते पडायचंच. काही माणसांच्या हातालाच पकड नसते.

हे सगळं जेवताना भाचीला सांगितलं. ती मध्येच पाणी आणायला उठली. पाण्याचा तांब्या टेबलावरच होता.

२३ एप्रिल

बोलावणं नाही. हॉस्पिटलचं ऑफिस आहे ते, तिथे कापूससुद्धा तीन सह्यांशिवाय मिळत नाही.

मॅच बरोबरीत. मफलर अजून टिकून. पेपरात आलंय की शेवटच्या काही मॅचेसपुरतं हेडमास्तरला परत बोलावण्याचा मालकांचा विचार आहे, खेळाडूंचं मत घेतायत. मी दिरांना म्हटलं, बघा, माणसाची किंमत तो गेल्यावर कळते. दीर म्हणाले, हो वहिनी, आणि काही वेळा गेल्यावर शांतताही कळते. त्यांना विनोदाची हौस आहे. जमत नाही.

हॉस्पिटलमध्येही स्टाफची मीटिंग झाली म्हणे. जुन्या मॅडमना तीन महिन्यांसाठी बोलवायचं का, एवढा एकच विषय. मी विचारलं, मग? भाची म्हणाली, चर्चा झाली.

मी तिला जवळ बसवून सांगितलं की हे बघ, तू माझी भाची म्हणून संकोच करू नकोस. लोक काय म्हणतील याचा विचार करायचा नाही. मनात जे आहे ते स्पष्ट सांगायचं.

म्हणाली, "सांगितलं, मावशी."

शहाणी पोर.

३० एप्रिल

कॅप्टनला भर पत्रकार परिषदेत विचारलं, हेडमास्तर परत आला तर? म्हणाला, "त्यांना कशाला त्रास? आहोत ते आम्ही जमवून घेऊ."

बुडतायत, आणि जमवून घेणार! मी तावातावाने उठले, जबडा हातातून सुटला, खालचा एक दात उडून मत्स्यालयामागे गेला. डेंटिस्ट म्हणाला, असू द्या मॅडम, ह्या पेशंटची तक्रार येत नाही. सगळे हसले. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

निश्चय: पुढच्या मॅचला जायचं नाही. आपली गैरहजेरी त्यांना जाणवू दे.

४ मे

गेले नाही. खिडकी हवेसाठी उघडी ठेवली होती. खालून हसण्याचे आवाज येत होते. माझ्याशिवाय चर्चा भरकटलेली दिसत होती, कारण चौघे, म्हणजे तिघे, एकाच वेळी बोलत होते.

जिंकलो. मफलरचं नशीब.

जिन्यात दीर भेटले. म्हणाले, "काय मजा आली वहिनी आज! म्हणजे, तुमची फार आठवण काढली." मी विचारलं, जबडा कोणाकडे होता? ते म्हणाले, जबडा दुरुस्तीला आहे. दाताच्या डॉक्टरकडे एक दात चिकटवायला इतके दिवस लागतात?

८ मे

उद्या शेवटची मॅच. जिंकलो तर वाचलो, नाही तर खाली. मालकांनी हेडमास्तरला बोलावलं नाहीच. चूक करतायत.

हॉस्पिटलचंही उद्याच ठरणार. भाचीने आज जेवताना तीनदा विषय बदलला. तिच्यावर ताण आलाय. साहजिक आहे, मी परत गेले की तिलाच माझ्या हाताखाली काम करावं लागणार.

ठरवलं: बोलावण्याची वाट बघत बसायचं नाही. धाकटीच्या गुडघ्याला शुभेच्छा द्यायच्या निमित्ताने उद्या सकाळी वॉर्डात जाऊन यायचं. मला समोर बघितलं की ऑफिसला पुढचं सुचेल. बूट आता लागत नाहीत. फारसे.

९ मे, दुपार

गेले.

जिन्याचा कठडा पुसलेला नव्हता. कॉरिडॉरमध्ये तोच फिनेलचा वास. वॉर्डाच्या दाराशी पोचले तर आतून आवाज. आधी कळेना कसला. इतक्या वर्षांत त्या दारापाशी ऐकला नव्हता. मुली हसत होत्या. बारीक आवाजात रेडिओ चालू होता. कोणी म्हातारा पेशंट काहीतरी किस्सा सांगत होता आणि धाकटी म्हणत होती, "आजोबा, पुरे, माझा गुडघा हसून हसून दुखतोय." मी दाराआड उभीच राहिले. घाई नव्हती.

मग आत पाऊल टाकलं.

झाकण पडलं.

खणखणीत. रेडिओ बंद. एकीने चादर ताणली, एकीने चहाचा कप ड्रॉवरमध्ये सारला. सगळ्या ताठ. झाकण गोल गोल फिरत राहिलं, मग थांबलं. भाचीच्या पायाशी.

ती लाल झाली होती. कोणी खाली वाकेना. शेवटी धाकटी काठी टेकत पुढे आली, घाईघाईने म्हणाली, "या मॅडम, या. बघा ना, तुम्ही गेल्यापासून आज पहिल्यांदा पडलं." आणि बोलून झाल्यावर तिनेच जीभ चावली.

मीच वाकले. झाकण उचललं. मूठ मोठी, खरबरीत, मी बसवून घेतलेली. घट्ट हातात बसते. सहजासहजी निसटण्यासारखी नाही ती.

तीन महिन्यांचं धाकटीने सांगितलं. आपसात पाळ्या लावून घेतल्यात. "तुम्हाला कशाला त्रास, मॅडम? आम्ही जमवून घेऊ. तुमच्याकडून इतकं शिकलोय सगळ्या."

मी गुडघ्याला शुभेच्छा दिल्या. झाकण ट्रेवर ठेवलं. आवाज न करता.

वेंधळेपणा आमच्या घराण्यात नाही. भाचीला झोप कमी पडत असेल.

९ मे, संध्याकाळ

निश्चय केला होता की मॅचला जायचं नाही. खिडकीतून फक्त आवाज येतो, स्कोअर कळत नाही, म्हणून गेले.

शेवटच्या मिनिटापर्यंत ०-०. माझ्या हाताची नखं फ्यूजच्या दंडात. मग कॉर्नर, गर्दी, आणि कॅप्टनच्या डोक्याला लागून बॉल आत. वाचलो. फ्यूज रडला. दिरांनी मफलरच्या नावाने आरोळी ठोकली आणि माझ्याकडे बघून अर्ध्यात गिळली.

नंतर कॅप्टनला विचारलं, आज जुन्या मॅनेजरची आठवण आली का? घामाने थबथबलेला होता. बाहीने तोंड पुसलं. म्हणाला, "त्यांच्याकडून खूप शिकलो."

फ्यूजने टीव्ही बंद केला. डेंटिस्टने कपाटातून जबडा काढला, दात नीट चिकटवलेला, आणि माझ्या हातात दिला. सगळे माझ्याकडे बघत बसले.

मी तो दिरांना दिला. म्हटलं, बोला तुम्ही, भावजी. ते जबडा उलटसुलट करून बघत राहिले. मी निघाले.

घराचं दार उघडून आत आले. स्वयंपाकघरात भाची फोनवर कोणाशी तरी बोलत होती. खूप हसत होती. इतकी हसते हे मला माहीत नव्हतं.

दाराशी थांबले आणि दोनदा खोकले. मग आत गेले.

घसा बसलाय बहुतेक. ओरडण्याने.