संगमनेरला जाऊन परत

८ नोव्हेंबर, शनिवार

शोरूमचा पोरगा, सर्वेश, मलाच समजावतो — "मॅडम, सिटीत लहान बॅटरी भरपूर होते." अरे, सिटीत मी रिक्षाने फिरते! गाडी मला संगमनेरला जायला पाहिजे, लेकीकडे, रसिकाकडे. डोंबिवलीहून माळशेज घाटाने एकशे पंच्याऐंशी किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे. तीनशे सत्तर. मध्ये कुठे वायर लावायची नाही. असली इलेक्ट्रिक गाडी असेल तर दाखव म्हटलं, नाहीतर उगाच वेळ घालवू नको.

हे बाजूला बसून गाडीचं माहितीपत्रक वाचत होते. "अगं, लहानीचं पण चारशे लिहिलंय." शाळेच्या दाखल्यावर माझं वय दोन वर्षं जास्त लिहिलंय. लिहिलेलं सगळं खरं असतं?

९ नोव्हेंबर, रविवार

आपली जुनी सीएनजी व्हॅन घेऊन रसिकाकडे जाऊन आलो. आळेफाट्याला मुद्दाम थांबून चार्जिंगची जागा बघितली. दोन मशीन. एकावर गोणपाट टाकलेलं, दुसऱ्यापुढे तीन गाड्या. एक बाई गाडीत वाटाणे सोलत बसलेली. म्हटलं, किती वेळ झाला? "दीड तास. अजून नंबर नाही." संपलं! रस्त्यावरच्या चार्जिंगवर माझा भरवसा नाही.

तिथेच घरचा डबा खाल्ला. रसिकाकडे आम्ही जेवत नाही, पाणीसुद्धा घेत नाही. लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं काही घ्यायचं नाही. माझ्या आईने पाळलं, मी पाळते. आईला दोन वर्षं पाळावं लागलं, मला सहा झाली. होईल. दवाखाना चालू आहे.

रसिकाची सासू म्हणाली, "विहीणबाई, घोटभर चहा तरी?" म्हटलं, नातवंड दाखवा, मग टोपभर पिते! सगळे हसले. रसिका आत गेली, गॅसवर काहीतरी होतं. दोन तास बसलो, अंधार पडायच्या आत घाट उतरलो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जावयाचा फोन, मयूररावांचा. "आई, लहान बॅटरीची घ्या. मी अंगणात पॉइंट बसवतो. रात्रभर लावून ठेवा, सकाळी फुल!" म्हटलं, मयूरराव, तुमच्या घरचं पाणी घेत नाही, वीज कशी घेऊ?

तर म्हणतात, "वीज कुठे पोटात जाते, आई?" हुशार आहेत. पण मी काय कमी आहे? गाडीच्या पोटात जाते ना, म्हटलं!

ह्यांनी मध्ये तोंड घातलं. "विजेचा नियम तुझ्या आईने कधी सांगितला?" आईच्या वेळी तिच्या गावात वीजच नव्हती, सांगणार काय!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट मंजूर. सोसायटीच्या सेक्रेटरीला तीनदा जिने चढायला लावले.

१६ नोव्हेंबर, रविवार

सर्वेश म्हणे टेस्ट ड्राइव्ह पाच किलोमीटरची. पाच किलोमीटरमध्ये काय कळतं? हॉर्न वाजतो एवढंच! त्याच्या साहेबाशी बोलले. आज मोठ्या बॅटरीची गाडी मिळाली, सर्वेशसकट. चालवायला मी. हे मागे, म्हणजे सूचना कमी. त्यांच्या शेजारी माझी नणंद, कलावन्सं. डिकीत तांदळाचा कट्टा. एसी चालू. आम्ही जसे जातो तसंच मोजायचं, रिकाम्या गाडीचं मोजून काय करू?

सर्वेश घाबरला. "मॅडम, एवढं वजन कशाला?"

वन्सं म्हणाल्या, "वजन कोणाला म्हणतोस रे?"

माळशेजच्या माथ्यावर पोचलो तर शंभराचे सत्त्याहत्तर. ह्यांचं तोंड पडलं — "गेली गं वीज!" मी तिथूनच गाडी वळवली. घाट उतरायला लागलो आणि आकडा उलटा, दोनाने वर! उतारावर वीज परत भरते म्हणे. वन्संनी तर टाळ्या वाजवल्या. घरी आलो तेव्हा त्रेसष्ट.

एवढं झालं ते संगमनेरला एका बाजूने जाण्याइतकंच अंतर. सदतीस गेले. जाऊन-येऊन चौऱ्याहत्तर. घरी पोचून सव्वीस शिल्लक! सातवी शिकलेय मी, पण हा हिशेब शोरूममध्ये कोणी करून दिला नव्हता. लहान बॅटरीत हिच्या दोन तृतीयांशच वीज मावते; ती गाडी संगमनेरला पोचेल, परत काही येणार नाही.

ठरलं. मोठी!

१७ नोव्हेंबर, सोमवार

मोठी बुक केली. रंग ह्यांना निवडू दिला. दोन तास लावले, आणि घेतला पांढरा!

१९ नोव्हेंबर, बुधवार

रसिकाला फोन करून सांगितलं. आता दर महिन्याला येते बघ. कोणाला त्रास नाही, कुठे वायर लावायची नाही, संध्याकाळी आपली परत. वाटलं, खूश होईल.

"म्हणजे राहणार कधीच नाहीस."

अगं, एकदा नातवंड होऊ दे, मग महिनाभर हलत नाही—

"दवाखाना बंद केलाय, आई. दिवाळीच्या आधीच. नाही होणार. आम्ही दोघांनी ठरवलं, आता पुरे."

रडली नाही. मग म्हणाली, "लहान घे ना गं. लहान घेतलीस तर थांबावं लागेल तुला."

मी काय बोलले आठवत नाही. पोळ्या करायच्या होत्या, त्या केल्या. ह्यांना जेवताना सांगितलं. ते अर्ध्या ताटावरून उठले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सर्वेशला फोन केला. मोठी रद्द कर, लहान दे.

"पण मॅडम, तुम्हाला तर त्याच दिवशी परत यायचं होतं?"

म्हटलं, नाही. मुक्कामाला जायचंय.